लिहायची परवानगी

हे खरं घडलंय. माझ्या डोळ्यांसमोर. पटत नसेल तर सोडून द्या. मी स्वतः इंजिनिअर आहे, मलाही पटत नव्हतं.

तारीख १७ ऑक्टोबर २०२३. मंगळवार. आणि रात्र नव्हती. दुपारचे तीन वाजले होते. बिबवेवाडीतल्या आमच्या ऑफिसात खिडकीतून लख्ख ऊन येत होतं.

मी उत्कर्षा. मूळची यवतमाळची. आमची कंपनी आठ जणांची. सलाईनमधून औषध किती वेगाने जावं हे ठरवणारा एक छोटा पंप आम्ही बनवायचो. त्या दिवशी बाकीचे सगळे मुंबईला प्रदर्शनात होते. ऑफिसात मी आणि आमचे मालक, गोपाळकृष्ण सर.

दोघंच.

पंपाचा प्रोग्राम आमोदने लिहिलेला. आमोद फेब्रुवारीत गेला. लोणी काळभोरजवळ, बाईकच्या अपघातात. त्याचं काम माझ्याकडे आलं.

एक गोष्ट आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. कॉम्प्युटरची मेमरी पानापानांची असते. प्रोग्राम ऑपरेटिंग सिस्टीमला सांगू शकतो, हे पान फक्त वाचायचं, यावर कुणी लिहायचं नाही. त्या कॉलला एमप्रोटेक्ट म्हणतात. मग चुकून जरी कुणी लिहायला गेलं, तरी सिस्टीम तो प्रोग्राम तिथल्या तिथे मारून टाकते.

औषधाचा आकडा आमोदने अशाच एका पानावर ठेवला होता. चुकून बदलला तर पेशंट जाऊ शकतो, म्हणून.

मी टेबलावरच्या पंपाला पाण्याची बाटली लावली. नळीचं दुसरं टोक पाण्याच्या ग्लासात सोडलं. वेग ठेवला तासाला पन्नास मिली.

टिक... टिक... टिक...

तीन वाजून वीस मिनिटांनी आवाज थांबला.

स्क्रीनवर आकडा होता शून्य.

प्रोग्राम मेला नव्हता. एरर नव्हती. पन्नासचा शून्य झाला होता, एवढंच.

प्रोग्रामने सिस्टीमला केलेला प्रत्येक कॉल टिपून ठेवायची सोय असते. मी ती नोंद उघडली.

त्या पानाची परवानगी बदलली होती. ‘वाचणे, लिहिणे.’ एका सेकंदानंतर परत फक्त ‘वाचणे.’

म्हणजे कुणीतरी पान उघडलं, लिहिलं... आणि जाताना नीट बंदही केलं.

मी सगळा कोड शोधला. हा कॉल अख्ख्या प्रोग्राममध्ये एकदाच होता, अगदी सुरुवातीला. दुसरा नव्हताच.

“सर, जरा येता का?”

सर आले. चष्मा कपाळावर. त्यांनी नोंद वाचली.

“कॉल आकाशातून पडत नाहीत, उत्कर्षा. कुणीतरी केला म्हणून झाला.”

“मग कुणी केला, सर?”

त्यांनी आमोदच्या रिकाम्या टेबलाकडे एकदा बघितलं फक्त.

“चालू कर परत.”

या वेळी मी एक वाढीव बंदी घातली. सुरुवात झाल्यावर प्रोग्रामने तो कॉल करायचाच नाही. केला, की प्रोग्राम खलास. यातून सुटका नसते.

टिक... टिक... टिक...

आम्ही दोघं नोंदीकडे बघत बसलो. बाहेर भाजीवाल्याची हाक येत होती. मग ती बंद झाली. रस्त्यावरचा आवाजही येईना.

स्क्रीनवर एक ओळ आली.

‘वाचणे.’

मग दुसरी.

‘वाचणे, लिहिणे.’

प्रोग्राम जिवंतच होता.

मग तिसरी ओळ आली. हळूहळू... एकेक अक्षर करत. नोंद अशी कधीच येत नाही. अशी ओळ फक्त माणूस टाईप करतो.

‘वाचणे, लिहिणे, चालवणे.’

“चालवणे?” सर पुटपुटले. “चालवायला प्रोग्राम लागतो, त्या पानावर एक आकडा आहे नुसता. चालवायचंय काय?”

पंप सुरू झाला.

उलटा.

उलटा फिरायची सोयच आम्ही त्यात ठेवली नव्हती. ग्लासातलं पाणी नळीतून वर चढायला लागलं.

आणि मग त्या नळीत... पाणी नव्हतं. लालसर, दाट काहीतरी होतं. ग्लासात मात्र स्वच्छ पाणी.

सरांनी प्लग ओढला. मी बॅटरी काढली.

त्यानंतरही पंप चार-पाच वेळा फिरला. मग थांबला.

सरांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“वारज्याचा पंप,” ते म्हणाले.

“कुठला वारज्याचा?”

“शुक्रवारी एक पाठवलाय मी. हॉस्पिटलला. ट्रायलला.”

“सर, टेस्टिंग झालं नाहीये अजून!”

“माहितीये.”

त्यांनी फोन लावून स्पीकरवर टाकला. तिथल्या विमलाबाई सिस्टरांनी उचलला.

“सिस्टर, आमचा पंप कुणाला लावलाय का?”

“हो, सकाळपासून. एक आजोबा आहेत. छान चाललाय की.”

“काढा. आत्ताच्या आत्ता काढा.”

“अहो, पण झालं काय? मी समोरच उभी आहे, व्यवस्थित...”

त्या बोलायच्या थांबल्या.

“सिस्टर?”

“सर... बाटली भरत कशी चाललीये?”

मागून कुणीतरी किंचाळलं. फोन कट झाला.

आजोबा वाचले. चार दिवस आयसीयूत होते. आम्ही तासाभरात वारज्याला पोचलो होतो. वाटेत गाडीत मी सरांना विचारलं, “टेस्टिंगशिवाय पंप पाठवू नका असं आमोद तुम्हाला म्हणाला होता का?”

“मला गाडी चालवू दे,” ते म्हणाले.

पंप परत आणला. त्याच्या नोंदीतही त्याच तीन ओळी होत्या. दोन्ही पंप एकमेकांना जोडलेले नव्हते, ना वायरने, ना इंटरनेटने.

महिन्याभरात कंपनी बंद झाली. मला दुसरी नोकरी लागली. मेमरीच्या परवानग्यांचं काम आलं की मी ते दुसऱ्याला देते. कारण विचारलं तर काहीतरी सांगते.

गेल्या महिन्यात सरांकडे गेले होते. भर दुपारी, उन्हात, ते गेटबाहेरच्या कट्ट्यावर बसले होते. त्यांच्या पत्नी श्यामलाकाकू माहेरी गेल्या होत्या. घराला बाहेरून कडी होती.

“सर, इथे का बसलात? आत चला ना.”

त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

“हळू बोल,” ते म्हणाले. “आत काम चाललंय त्याचं.”