नाक्यावरची दोन हात जागा

धाकलू पायाची आखणी करायला अंगणात चुना टाकू लागला आणि त्याची विधवा भावजय बायजा थेट त्या पांढऱ्या रेघेवर जाऊन उभी राहिली.

"वैनी, बाजूला व्हा. मजूर खोळंबलेत."

जपानच्या लढाईच्या भीतीने मुंबईची माणसे कर्जतला येऊन राहू लागली, तसा स्टेशनाजवळच्या पेठेतल्या जागेला सोन्याचा भाव आला. कालपर्यंत जिथे कडाव गावच्या भाताच्या बैलगाड्या सुटत, त्या अंगणात आता दुकानाचे गाळे उभे राहायचे होते. बायजाने आपला बाकी सगळा वाटा हसत दिराच्या हवाली केला होता. ती अडून बसली होती फक्त नाक्याकडच्या दोन हात जागेसाठी... आणि पहिल्या गाळ्याचे दार नेमके तिथेच येत होते! पेठ तिला हावरट म्हणे. म्हणेना का बापडी. पण लेकरासारखा वाढवलेला दीरही तेच म्हणू लागला, तेव्हा तिचे अंतःकरण विदीर्ण झाले.

"समदं तुमचं हाय, भावजी. येवढं सोडा."

"का सोडू? गिऱ्हाईक तिथंच वळणार. मेल्यावर संगं न्यायचीय का तुमाला?"

बायजाने घराकडे पाहिले. दारात धाकलूची बायको सुंदरा उभी होती, दिवस भरत आलेली. तिच्यादेखत कसे सांगायचे?

धाकलूने खूण केली. मजुराने कुदळ उचलली, तशी बायजा मटकन खाली बसली आणि तिने दोन्ही तळवे मातीवर टेकले.

"तुमचा पयला पोरगा हितं हाय, भावजी..." "तुमी मुंबईला व्हता. सुंदरा बाळंतपनाच्या तापानं बेसुध. तान्हं लेकरू नदीकाठी पुरत्यात, म्हनून मी घेऊन गेलेवते. पन तिथं कोल्ही माती उकरत व्हती... माजे हात धजले नाय. माघारी आनलं. घराजवळ पुरलं तर घराला बाधतं म्हनत्यात. हे कळलं असतं, तर पुढं काय बी झालं तरी लोकांनी सुंदरालाच बोल लावला असता. म्हनून बोलले नाय."

मजुराच्या हातातली कुदळ धाकलूने काढून घेतली. हातानेच त्याने मजुरांना जायला खुणावले. तो वहिनीच्या पायाशी बसला.

"वैनी, मी काय काय बोललो तुमाला..."

तिने नुसता त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

सुंदरा भिंतीचा आधार घेत पायरी उतरून आली आणि जावेजवळ टेकली. तिने त्या मातीवर हात ठेवला.

"बाई, पुरताना त्याचं तोंड कुणीकडं केलंत?"

"घराकडं, गं."