शिंपल्यांतलं चीज

स्वाभिमान अन्नापेक्षा मोठा असतो. हे वाक्य काकूंनी वहिनींच्या ऑफिसात मोठ्या निर्धाराने उच्चारलं आणि बशीतलं चौथं बिस्किट उचललं.

"माफी मी मागणार नाही," त्या म्हणाल्या. "केलं असतं तर छातीठोकपणे सांगितलं असतं. न केलेल्याचं श्रेय कशाला घेऊ?"

वहिनी खाजगी गुप्तहेर होत्या. एका लॉन्ड्रीच्या डोक्यावर त्यांची एक खोली होती. खालच्या इस्त्र्यांची वाफ फरशीतून वर यायची, त्यामुळे अशिलं तिथे फार वेळ खोटं बोलत बसत नसत. मदतीला धाकटे दीर होते. त्यांना सगळेच भाऊजी म्हणत. भाऊजींना प्रत्येक गोष्ट कळायची, फक्त इतरांची पंगत उठल्यावर.

"सुरुवातीपासून सांगा," वहिनी म्हणाल्या.

हकीकत अशी होती. शहरात एक इटालियन रेस्टॉरंट होतं. अस्सल. अस्सल असल्याची पितळी पाटीच आत भिंतीवर होती. अस्सल इटालियन पाककलेचं रक्षण करणाऱ्या एका संघाने ती दिली होती. पाटीवर इटलीचा नकाशा होता, म्हणजे बूट. आणि त्या बुटाचं टोक नेमकं बाथरूमच्या दाराकडे होतं.

काकूंची लेक तिथे वेट्रेस होती. इतकी वर्षं प्लेटी वाहिल्यावर पुढच्या महिन्यापासून शेफ तिला शेगडीपाशी घेणार होता. ती त्या दिवसासाठीच जगत होती. काकू दर बुधवारी दुपारी तिथे जेवायला जात आणि दर वेळी शिंपल्यांची स्पॅगेटीच मागवत.

"या बुधवारी पहिला घास घेतला नि म्हटलं, आज काहीतरी कमी आहे. लेकीला म्हटलं, जरा किसलेलं चीज आण गं. ती म्हणते, आई, हळू बोल! शिंपल्यांवर चीज मागणं म्हणजे इथे महापाप."

"मग?"

"मग मीच उठून स्वयंपाकघराच्या दारात गेले. शेफ मला बघून भूत बघितल्यासारखा दचकला. मग म्हणाला, समुद्राचं आणि चीजचं वैर आहे, माझ्या हयातीत ती दोघं एका प्लेटीत येणार नाहीत. मी म्हटलं, तुझ्या हयातीशी मला काय करायचंय? किसणी दे!"

भाऊजींना हसू आवरेना. वहिनींनी बिस्किटांची बशी त्यांच्या हातापासून लांब सरकवली.

पुढचं हसण्यासारखं नव्हतं. संघाचा परीक्षक त्याच वेळी गुपचूप येऊन तीच स्पॅगेटी खात होता. त्याने काटा खाली ठेवला आणि जाहीर केलं, "यात चीज आहे." शेफने तत्काळ काकूंकडे बोट दाखवलं: या बाईने चिडून पिशवीतलं चीज माझ्या पाहुण्याच्या प्लेटीत टाकलं! परीक्षक म्हणाला, तसं असेल तर बाईंनी शनिवारपर्यंत लेखी माफी द्यावी, पाटी राहील. नाहीतर पाटी उतरेल. शेफ म्हणाला, पाटी उतरली तर हिच्या लेकीने सोमवारी यायचं कारण नाही.

"लेक काय म्हणते?"

"म्हणते, लिहून दिलंस तर तुझं तोंड बघणार नाही. नोकरी जायची वेळ आली, आणि ताठा बघा! कुणावर गेलीय, देव जाणे."

"त्याआधी कधी चीज मागितलं होतंत?"

"कधीच नाही. लागलंच नाही कधी."

वहिनींनी काकूंची पिशवी बघायला मागितली. चीज पिशवीतून आलं असं शेफचं म्हणणं होतं ना! आत छत्री, विणकामाच्या सुया, अर्धा मोजा आणि एक जाड पुठ्ठ्याचं कार्ड निघालं. त्यावर छापलं होतं: राखीव.

"हे काय?"

"ते होय! मला नेहमी बाथरूमला लागून असलेलं टेबल देतात. नोकरांच्या घरच्यांनी तिथेच बसायचं, असा शेफचा नियम. डोक्यावर तो बूट, पाठीशी पाण्याचा खळखळाट. या बुधवारी म्हटलं, बास झालं. खिडकीचं टेबल रिकामं होतं, वर हे कार्ड. कार्ड पिशवीत टाकलं नि बसले. मी काय रस्त्यावर पडलेय?"

"लेक काही बोलली नाही?"

"तिला कार्ड दिसलंच नाही. आणि मला ऊठ म्हणायची तिची काय बिशाद!"

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी आणि भाऊजी रेस्टॉरंटात पोचले. भाऊजींना हॉलचं निरीक्षण करायला बसवलं. त्यांनी ते शिंपल्यांची स्पॅगेटी मागवून केलं.

शेफ धिप्पाड होता. त्याच्या गळ्यात दोरीला एक किल्ली लटकत होती.

"चीजच्या कपाटाची," तो म्हणाला. "अंघोळीलासुद्धा काढत नाही. माझ्याशिवाय या घरात चीजला कुणी हात लावत नाही."

"मग काकूंना ते तुमच्याकडून मिळणं शक्य नव्हतं."

"घरून आणलं असणार! असल्या बायका पिशवीत काय घेऊन हिंडतील, नेम नाही."

"परीक्षक बुधवारी येणार, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"छे! ते गुपचूप येतात." हे तो जरा मोठ्यानेच म्हणाला.

"आणि खिडकीचं टेबल राखून कुणी ठेवलं होतं?"

"मी. एखादं बडं माणूस आलं तर असावं म्हणून."

लेक कोपऱ्यात नॅपकिनांच्या घड्या घालत होती. घड्यांवरचा राग स्पष्ट दिसत होता.

"दोन्ही ऑर्डरी एकदमच आत गेल्या," ती म्हणाली. "शेफ हॉलमध्ये येत नाही. त्याला माणसं दिसत नाहीत, टेबलं तेवढी कळतात. म्हणाला, ही प्लेट खिडकीला, ही बाथरूमपाशी. मी नेऊन ठेवल्या. एकटं अनोळखी गिऱ्हाईक आलं तर राखीव कार्डाच्या टेबलावर बसव, असंही म्हणाला होता, पण कार्ड कुठे दिसलंच नाही. ते गृहस्थ आले तेव्हा बाथरूमपाशीच जागा उरली होती. बिचारे मुकाट्याने बसले. परीक्षक आहेत हे मला काय ठाऊक?"

"दोन्ही प्लेटी एकाच पॅनमधल्या?"

"एरवी एकातच करतो. त्या दिवशी दोन पॅन घेतले. भांडीवाल्याने किती कुरकुर केली!"

"शेफ बाहेर कधी आला?"

"आईला दारातून हाकलत आला की! आधी खिडकीकडे बघितलं, मग बाथरूमकडे. आणि चेहरा पांढराफटक. त्या गृहस्थांनी तोपर्यंत चीजचं नावसुद्धा काढलं नव्हतं."

"हे कुणाला सांगितलंस?"

"विचारलं कुणी? मला सगळ्यांनी एकच सांगितलं, आईला समजाव. मी नाही समजावणार."

परतताना भाऊजी ओठ पुसत म्हणाले, "वहिनी, काकूंना यात कमी काय वाटलं, तेच कळत नाही. मला तर काही कमी वाटलं नाही. मी ब्रेडने प्लेट पुसून खाल्ली."

वहिनी रस्त्यातच थांबल्या. "भाऊजी, आज तुम्ही जेवलात ते वाया गेलं नाही."

भाऊजींनी ही स्तुतीच मानली. कशाबद्दल होती, ते मात्र विचारलं नाही.

संघाचं कार्यालय दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत होतं. परीक्षक बारीक आवाजाचा, बारीक चणीचा गृहस्थ होता.

"चीज दिसत नव्हतं," तो म्हणाला. "रसात पार विरघळलेलं होतं. पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत."

"शेवटचा घासही खाल्लात?"

"खात्री करायला."

"आणि प्लेट ब्रेडने पुसलीत?"

"पुरावा गोळा करायला," तो म्हणाला आणि त्याने नजर दुसरीकडे वळवली.

"काकू टेबलावरून उठल्या तेव्हा तुमचं किती खाऊन झालं होतं?"

"अर्ध्याच्या वर."

शनिवारी दुपारची गिऱ्हाइकं गेल्यावर सगळे हॉलमध्ये जमले. टेबलावर माफीसाठी कोरा कागद आणि पेन तयार होतं. काकू मुद्दाम खिडकीपाशीच बसल्या.

"काकूंनी चीज टाकलं नाही," वहिनींनी सुरुवात केली. "त्या उठल्या तेव्हा परीक्षकांची अर्धी प्लेट संपली होती, आणि चीज तर पहिल्या घासापासून होतं. वरून भुरभुरलेलं नव्हतं, रसात शिजलेलं होतं. म्हणजे ते पॅनमध्येच पडलं. आणि चीजची किल्ली एकाच गळ्यात आहे."

"मी?" शेफ गरजला. "माझीच पाटी घालवायला?"

"तुम्ही पाटी वाचवायला निघाला होतात. या सगळ्यात एकच विचित्र गोष्ट आहे. काकू दर बुधवारी तीच स्पॅगेटी खातात, आणि कधी चीज मागत नाहीत. याच बुधवारी का मागितलं? भाऊजींनी शुक्रवारी खाल्ली, त्यांना काही कमी वाटलं नाही. मग काकूंच्या प्लेटीत काय कमी होतं?"

"चीज!" भाऊजी ओरडले. मग गोंधळले. "पण शिंपल्यांत चीज नसतंच ना?"

"इथे असतं, भाऊजी. रोज असतं. कुणाला कळणार नाही एवढंच. त्याच चवीसाठी लोक पुन्हा येतात. बुधवारी परीक्षक येणार ही कुणकुण शेफना लागली होती, म्हणून त्यांनी दोन पॅन घेतले. एकात नियमाप्रमाणे, परीक्षकांसाठी. दुसऱ्यात नेहमीसारखं, काकूंसाठी. परीक्षकांसाठी खिडकी राखून ठेवली होती, काकू नेहमी बाथरूमपाशी. शेफना टेबलं कळतात, माणसं दिसत नाहीत."

परीक्षकाने वळून भिंतीवरच्या बुटाकडे बघितलं.

"पण परीक्षकांची खिडकी काकूंनी घेतली," वहिनी म्हणाल्या. "गुपचूप आलेल्या माणसाला हक्काने जागा मागता येत नाही. ते बसले बुटाखाली. मग नियमाची प्लेट काकूंना गेली, आणि नेहमीची परीक्षकांना. काकू दारात दिसल्या तेव्हा शेफ दचकले, कारण ऑर्डर खिडकीची होती, आणि खिडकीकडून काकू येत होत्या. बाहेर येऊन टेबलं बघितली तेव्हा सगळं कळलं. परीक्षकांनी तोंड उघडायच्या आधीच तुमचा चेहरा उतरला होता, शेफ."

शेफने गळ्यातली किल्ली मुठीत धरली. मग त्याने मान वर केली.

"हो, घालतो मी चीज," तो म्हणाला. "माझी आजी घालायची. ती जन्मली इटलीत, मेली इटलीत, आयुष्यभर बंदरावर शिंपले विकले तिने. चिमूटभर चीज घालायची आणि म्हणायची, कुणाला सांगू नकोस. आता सांगा, माझी आजी खोटी की तुमचा संघ?"

"नियमात आजीची तरतूद नाही," परीक्षक पुटपुटला.

"तर मग नियम घरी घेऊन जा!" शेफ उठला, लोणी लावायची सुरी घेतली आणि पाटीचे स्क्रू स्वतःच्या हाताने काढू लागला.

"असं मान वर करून आधीच बोलला असतास," काकू म्हणाल्या, "तर माझ्या पोरीची झोप उडाली नसती. स्वतःच्या आजीसाठी उभं राहता येत नाही म्हणून दुसऱ्याच्या आईवर बोट? बैस इथे. कागद आहे, पेन आहे. लिही."

शेफ बसला. धिप्पाड माणूस त्या खुर्चीत मावत नव्हता. त्याने माफी लिहिली, खाली सही केली, आणि गळ्यातली किल्ली काढून लेकीपुढे ठेवली.

"सोमवारी लवकर ये," तो तिला म्हणाला. "चिमूट केवढी ते दाखवतो."

"येईन," लेक म्हणाली. "पण आई यापुढे खिडकीपाशी बसेल."

भाऊजींच्या कपाळावर हळूहळू आठ्या जमल्या. "वहिनी, म्हणजे काकूंनी टेबल बदललं नसतं, तर हे काहीच झालं नसतं?"

"काहीच नाही, भाऊजी."

सगळ्यांनी काकूंकडे बघितलं.

"त्याची तर मुळीच माफी मागणार नाही," काकू म्हणाल्या आणि शेफच्या माफीचा कागद घडी करून पिशवीत, राखीव कार्डाशेजारी ठेवला.

परीक्षक पाटी काखेत मारून निघाला. दाराशी तो घुटमळला आणि शेफला हळूच म्हणाला, संघाच्या वतीने नाही, पण पुढच्या बुधवारी एका माणसासाठी टेबल मिळेल का? त्याला बाथरूमपाशीचं मिळालं.

पाटी गेल्यावर रेस्टॉरंटातली गर्दी घटली नाही आणि वाढलीही नाही. तक्रार एकच येते, ती मात्र रोज येते: बाथरूम कुठे आहे, ते आता कळत नाही.