गैरहजर निवाशाची अर्धी फी

मंदकाल-कोठीची चाचणी यशस्वी झाली तेव्हा पाचगणीच्या त्या वृद्धनिवासात सर्वांत जास्त आनंद विश्राम गावंड्यांना झाला. रविवारी सगळ्यांकडे माणसं यायची, त्यांच्याकडे कुणीच नाही. एकुलती एक मुलगी कावेरी एक्केचाळिसाव्या वर्षी तारायानातून गेली, ती चौतीस वर्षांनी परतणार होती. गावंडे आताच सत्तरीचे.

"आतला एक दिवस म्हणजे बाहेरचं एक वर्ष," कोठी बनवणाऱ्या डॉ. मेहेर दारूवाला म्हणाल्या. "चौतीस दिवसांत मुलीला भेटाल."

"मुदतीआधी दार उघडलं तर?" गावंड्यांनी विचारलं. पदार्थविज्ञान शिकवण्यात त्यांची हयात गेली होती.

"बोटांतलं रक्त एका वेगानं धावेल, काळजातलं दुसऱ्या. माणूस वाचायचा नाही. वीज तुटली तरी तेच."

वृद्धनिवासाच्या लेखी कोठीतला माणूस म्हणजे रजेवर गेलेला निवासी. निवासाच्या पंगतीला जेवत नाही, म्हणून फी अर्धी. पण ती थकली की नाव कमी आणि वीज बंद. गावंड्यांनी शेत विकून चौतीस वर्षांची फी एकदम भरली. दरवाढ झाल्यास जबाबदार कोण, या रकान्यात कावेरीचं नाव लिहिलं आणि तिला कळवलं मात्र नाही. उगाच पोरीच्या जिवाला घोर नको. तोवर दर किती वाढतील, हे पाहायचं मास्तरांना सुचलंच नाही.

आत ते बरोबर नेलेल्या शिध्यावर भागवत, रोज दाढी करत. बोलायला कुणी नव्हतं. विसाव्या दिवशी स्वतःचाच आवाज ऐकून ते दचकले आणि खूप रडले.

चौतिसाव्या दिवशी दार उघडलं. समोर काठी टेकत एक म्हातारी उभी होती.

"बाई, माझी मुलगी यायची होती."

"आबा, मीच."

गावंडे जवळ गेले आणि तिचा चेहरा निरखू लागले.

"यान बिघडलं. दुसऱ्याच वर्षी परत आलो आम्ही," ती म्हणाली. "तोवर तुम्ही आत. सातव्या वर्षी फी दुप्पट झाली, पुढे चौपट. तुमचे पैसे संपले. मग इथंच शाळेत नोकरी धरली."

"बत्तीस वर्षं? अगं, तूही दुसऱ्या कोठीत बसायचं होतंस."

"दोघंही आत बसलो असतो, तर फी कुणी भरली असती?"

गावंड्यांनी पंचाहत्तर वर्षांच्या आपल्या मुलीचा हात धरला आणि तिला जपून खुर्चीवर बसवलं.