हराळीची ओवाळणी

निरांजनाची वात सारखी करता करता नर्मदाबाईचा हात थबकला... ओसरीच्या पायरीशी कुणीतरी चपला काढत होतं. एक चप्पल धाडकन आपटायची आणि दुसरी मग हळूच ठेवायची, ही खोड उभ्या चारठाण्याच्या शिवारात एकाच माणसाला होती, आणि तो माणूस तिचा पाठचा भाऊ होता!

पाच वर्षं! पाच भाऊबिजा या बाईनं चंद्राला ओवाळून काढल्या होत्या. जिला भाऊ नाही तिनं चंद्राला ओवाळावं, ही रीतच आहे. पण दोन गल्ल्या ओलांडल्या की भावाचं घर, भाऊ चांगला धडधाकट, आणि तरी अंगणात उभं राहून आभाळाकडं ताट करायचं, हे दुःख काय असतं ते सांगून कळायचं नाही. आजही ती चंद्राचीच तयारी करत बसली होती. परभणीला जाऊन मोतीबिंदू काढून आणल्याला चार दिवस झाले होते, डोळ्यांवर काळा चष्मा होता, आणि दारात बन्सीधर उभा होता.

"आक्का... ओवाळती का न्हाई?"

"बस की रे मेल्या! पाट मांडलेलाच हाय." पाट कसला मांडलेला! तो तिनं लगबगीनं आत जाऊन, फडताळामागून ओढून, पदरानं पुसत आणला. कुंकू लावताना टिळा पार नाकापर्यंत उतरला. चष्म्याखालून घळाघळा पाणी वाहत होतं. डॉक्टरनं महिनाभर रडायचं नाही म्हणून बजावलं होतं; त्या डॉक्टरला बहीण नसावी!

ओवाळून झालं तसा बन्सीधर उठला. त्याचा चेहरा लहान लेकरासारखा फुलला होता. "ताटात घालायला काई आणलं न्हाई मी. माझी ओवाळणी रानात हाय. चल, दावतो."

रानात! नर्मदाबाईचा पाय जागीच अडला. कारण बहीण-भावाचं सगळं बिनसलं होतं ते त्या रानावरूनच.

बाविसाव्या वर्षी कपाळ पांढरं होऊन ती माहेरी परत आली, तेव्हा बापानं विहिरीला लागून असलेलं दीड एकर काळंभोर रान तिला चोळी-बांगडीला म्हणून तोडून दिलं होतं. पुढं बन्सीधरला लग्नानंतर कितीतरी वर्षांनी एकच लेक झाली, सृष्टी. राजेश्री वहिनीनं जन्म दिला खरा, पण पोर वाढली ती आत्याच्या कडेवर. सृष्टी आठ वर्षांची असताना संभाजीनगरहून भागवत सर शाळेत आले आणि गोल्फ शिकवायला म्हणून तीन लेकरं निवडून घेऊन गेले. त्यांची शिकवायची तऱ्हाच न्यारी! आठ वर्षांची आखणी एका जाडजूड वहीत लिहिलेली. पहिली दोन वर्षं चेंडू लांब मारायचाच नाही, वीतभरावरून खळग्यात घालायचा, मग हातभरावरून, मग चार हातांवरून. पाच वर्षं स्पर्धा नाही, कप नाही, आणि तो मागणार नाही अशी पालकाची सही आधीच!

बन्सीधरनं ऐटीत सही केली, गावात पेढे वाटले. पण गाव ते गावच. जो तो विचारी, "काय बन्सीधरराव, किती कप आणले पोरीनं?" तीन वर्षं त्यानं कळ काढली आणि एक दिवस लेकीला उचलून घरी आणलं. "तीन वर्षं झाली, अजून चेंडू ढकलायलीय! एवढं तर आमचं मांजर करतंय!"

पोर उपाशी झोपली. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या यष्टीनं आत्यानं तिला हाताला धरून परत नेऊन सोडलं, आणि वहीत बापाच्या सहीखाली आपली सही केली. तेव्हा भागवत सर म्हणाले होते, "मावशी, पोरीचा हात सोन्याचा आहे. पण सुटीला घरी आली की त्याची सवय मोडते. तिकडं दोन गुंठे बारीक हराळीची हिरवळ असती, तर..."

आणि नर्मदाबाईनं हराळी लावली! विहिरीलगतच्या, सगळ्यात कसदार दोन गुंठ्यांत!

हराळी म्हणजे काय ते शेतकऱ्याच्या पोराला सांगायला नको. या तणाची एक मुळी राहिली तर ती सगळं रान गिळते. तिच्या बापाची पाठ हराळी खांदता खांदता वाकली होती. लहानपणी एक मुळी मागं राहिली म्हणून नर्मदानं स्वतः मार खाल्ला होता. बन्सीधर बांधावर उभा राहून ओरडला होता, "आपला बाप हराळी खांदून मेला, आन तू त्याच्याच रानात ती लावायलीस? या रानात पुन्ना पाय ठेवीन तर बापाचं नाव लावणार न्हाई! पोरगी बी आता तुझीच समज!"

तेव्हापासून ही बाई दिवसभर दुसऱ्याच्या रानात रोजानं हराळी खुरपायची आणि दिवस कलला की आपल्या रानात हराळीला पाणी द्यायची. सरांनी दिलेलं जुनं कापणी यंत्र ढकलून ढकलून तिचे खांदे धरले. भावाच्या शेतात एक मुळी जाऊ नये म्हणून तिनं भोवती गुडघाभर चर खांदला होता. लोक हसायचे, हसेनात का! पोरगी सुटीला यायची आणि त्या मखमलीवर तासन् तास वाकून उभी राहायची, तेव्हा नर्मदाबाईला वाटायचं, आपल्या जन्माचं काहीतरी झालं...

आता बन्सीधर पुढं आणि ती मागं. विहिरीचा कोपरा वळला आणि तो हात पसरून म्हणाला, "बघ!"

दिवस अजून मावळला नव्हता; नव्या डोळ्यांना काळ्या चष्म्यातूनही सगळं लख्ख दिसत होतं. दोन गुंठे काळीभोर, उकरलेली, स्वच्छ माती. हिरवा ठिपका औषधाला नाही. बांधाला राखेचा ढीग.

"तू दवाखान्यात होतीस ना, मी आन राजेश्री दोन दिवस लागलो होतो. एक मुळी ठेवली न्हाई, सगळी पेटवून दिली! म्हणलं, पोरीची आठ वर्षं भरली, आता आक्काचं रान मोकळं करून द्यावं. लय राग राग केला गं मी तुझा... आवडली ओवाळणी?"

सृष्टी उद्या येणार होती! पंचवीस दिवसांवर देशाच्या ज्युनियर संघाची निवड. आठ वर्षांच्या त्या वहीचं शेवटचं पान! रोज तीनशे चेंडू, जवळून, घरच्या हिरवळीवर, असं सरांनी लिहून दिलं होतं. नर्मदाबाई ओरडायला म्हणून वळली. तिनं भावाकडं पाहिलं. त्याच्या दोन्ही तळहातांना फोड आले होते, काही फुटले होते. पन्नाशीचा माणूस, पाच वर्षांचा अभिमान गिळून, बहिणीसाठी वाकला होता. एक शब्द बोलली असती तर तो मोडून पडला असता... आणि पुन्हा कधी आला नसता.

"लय ग्वाड केलंस, बन्सी," ती म्हणाली. "लय ग्वाड."

दुसऱ्या दिवशी सृष्टी काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन थेट रानातच आली. पाहिलं, आणि पिशवी तिच्या खांद्यावरून खाली घसरली.

"आत्या! हिरवळ?"

"मीच काढून टाकली," नर्मदाबाई मातीकडं बघत म्हणाली. "हरभरा पेरायचाय. म्हातारपणी होईना ते काम आता."

"तू? तू काढलीस?" पोरीचा आवाज चिरकला. "महिना थांबता आलं नाही तुला? आठ वर्षं, आत्या! तिकडं सगळे म्हणत होते, हिचं कुणी नाही, तेव्हा मी म्हणायची माझी आत्या आहे... आणि तूच?"

ते शब्द नर्मदाबाईनं अंगावर झेलले. मान वर केली नाही. पण चराच्या पलीकडं बन्सीधर हरभऱ्याच्या बियाण्याची पिशवी घेऊन उभा होता, आणि त्यानं सगळं ऐकलं होतं!

"खोटं बोलायलीय ती!" तो ओरडला. पिशवी टाकून, चर ओलांडून तो आला. "मी काढली, पोरी! म्या चांडाळानं! आक्का, काल तोंडातनं एक शब्द काढला न्हाईस? पोरीच्या शिव्या खायलीस माझ्यापायी?"

"बोलले असते तर तू पुन्ना गेला असतास रे..." नर्मदाबाईचा बांध फुटला. "हिरवळ काय, लावता येती. भाऊ कुठून लावू?"

बन्सीधर तिच्या पायाशी मटकन बसला आणि हमसाहमशी रडला. सृष्टी धावत येऊन आत्याच्या गळ्यात पडली. "माझं चुकलं गं आत्या, माझं चुकलं!" तिघंही त्या उकरलेल्या मातीत बसून मनसोक्त रडली. डॉक्टरचं कुणाला आठवतंय!

पहिल्यांदा डोळे पुसले ते बन्सीधरनं. "चेंडू घरंगळायला काय लागतं? सपाट, कडक जागा ना?"

"हो बाबा. पण पंचवीस दिवसांत हराळी कुठून..."

"हराळी ऱ्हाऊ दे. मी खळं करतो!"

मळणी यंत्रं आल्यापासून गावात कुणी खळं केलं नव्हतं. पण बन्सीधरच्या हाताला ती कला बापाकडून आली होती. रान भिजवलं, वाफसा आला तशी बैलं गोल गोल फिरवली, धुमसानं चोपून चोपून माती दगडासारखी केली. राजेश्रीनं शेणाचा काला करून वरून सारवलं, वाकायला मनाई असलेली नर्मदाबाई खुर्चीवर बसून हुकूम सोडत होती, "तिकडं खड्डा हाय, तिकडं! डोळे तुमचे चांगले का माझे?" पाचव्या दिवशी खळं आरशासारखं झालं. मधोमध पितळी पेला पुरला.

पहिला चेंडू पेल्याला वळसा घालून पार चरात गेला! सृष्टी हसायला लागली. फोनवर सर म्हणाले, "उत्तम! निवडीच्या मैदानावरची हिरवळ अशीच निसरडी असते. आता हात आणखी हलका कर." रोज तीनशे चेंडू. बाप मोजायचा, आई आणून द्यायची, आणि आत्या नुसती बघत बसायची.

निवड दोन दिवस चालली. दुसऱ्या दिवशी दुपारी सरांचा फोन आला तेव्हा बन्सीधरच्या हातून तो खालीच पडला. राजेश्रीनं उचलून मोठ्यानं ऐकवला. "निवड झाली! चार मुलींत आपली सृष्टी! जवळच्या चेंडूला पोरीचा हात एकदाही हलला नाही. मावशींना सांगा, आता पुढच्या चार वर्षांची वही मांडतोय. उन्हाळ्यात पोरगी घरी येईल. हिरवळ लागेल बरं का!"

नर्मदाबाई उठली. देवापुढं साखर ठेवायला गेली आणि तिथंच कितीतरी वेळ बसून राहिली. आपण कृतार्थ झालो, हे एवढंच तिच्या मनात येत होतं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, सगळा बाजार उघडा असताना, बन्सीधर डोक्यावर हराळीचा हा एवढा भारा घेऊन गावातून निघाला. अख्ख्या शिवारातले बांध हिंडून, बारीक पानाची निवडून निवडून, मुळ्यांसकट खांदून आणलेली! हॉटेलच्या फळीवर बसलेल्या दत्तरावांनी हटकलं, "काय बन्सीधरराव, ढोराला न्यायलाव का?"

बन्सीधर थांबला. भारा सावरला. आणि ज्या माणसाला पाच वर्षं या गवताच्या नावानं मान खाली घालावी लागली होती, तो गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "ढोराला न्हाई, दत्तराव! लावायला! माझ्या बहिणीच्या रानात!"

नर्मदाबाईनं ते दारातून ऐकलं. पदर खोचला, आणि विहिरीवरची मोटार चालू करायला ती निघाली.