चषकावरचा खळगा

मी चांदीवर नावं कोरते. गोल्फच्या या स्पर्धेची एक जुनी रीत आहे. शेवटच्या होलजवळ टेबल मांडायचं आणि विजेता हिरवळीवरून चालत येईपर्यंत त्याचं नाव चषकावर कोरून तयार ठेवायचं. यंदा स्पर्धेचं पंचाहत्तरावं वर्ष. त्यानिमित्त क्लबचे अध्यक्ष स्पर्धेचा इतिहास माइकवरून वाचणार होते.

त्या इतिहासात माझ्या बाबांचं नाव नव्हतं. ते जिंकले होते, चषक डोक्यावर घेऊन नाचलेही होते. मग दुसऱ्या नंबरवाल्याने तक्रार केली, की शेवटच्या फटक्याआधी चेंडू हलला आणि बाबांनी ते लपवलं. बघणारा एकटा तोच! तरी बाबांचं नाव घासून काढलं आणि तिथेच त्याचं कोरलं. नाव घासून काढलं की तिथली चांदी पातळ होते, बोटाला खळगा लागतो. तो दुसऱ्या नंबरचा म्हणजेच आजचे अध्यक्ष. चोर तो चोर, वर शिरजोर. बाबांच्या हयातीत त्यांचं नाव त्या जागी परत आणायचं, म्हणून तर मी हे काम धरलं होतं.

स्पर्धेच्या आठवड्यात अध्यक्षांनी मला बोलावलं.

"बाई, माझं नाव पुसट झालंय. जरा खोल कोरा."

तळपायाची आग मस्तकात गेली. तरी कोरलं. दुसऱ्या दिवशी जागा गुळगुळीत.

"हे असलं काम?" ते खेकसले.

त्यांच्या डोळ्यांदेखत पुन्हा कोरलं. चषकाच्या कपाटाला कुलूप लावून किल्ली त्यांनी स्वतःच्या खिशात टाकली. सकाळी आम्ही उघडून बघतो तर पुन्हा तेच.

घरी बाबा अंथरुणाला खिळलेले. पक्षाघाताने वाचा गेली, हातपाय गेले. फक्त उजवा अंगठा चादरीवर मागेपुढे सरकत असतो. त्या दिवशी त्यांचे हात पुसताना तो अंगठा मला काळा दिसला. चांदी घासली की बोटांना लागतो, तसला काळा. साबणानेही निघेना.

"बाबा, तुम्ही करताय हे?"

अंगठा थांबला नाही. मला भीती वाटायला हवी होती. मला आनंद झाला.

"घासा," मी म्हणाले. "नामोनिशाण ठेवू नका."

शेवटच्या दिवशी अध्यक्ष एकेक वर्ष आणि विजेत्याचं नाव वाचत होते. त्या वर्षापाशी अडखळले. कागदाकडे पाहिलं, चषकाकडे पाहिलं, मग माइक हाताने झाकून माझ्या टेबलाशी वाकले.

"बाई, माझं नाव काय हो?"

मला हसू फुटलं. आमच्या घरात ज्या नावाने रोज बोटं मोडली, ते मलाही आठवेना. बरं झालं मेल्याचं!

खळगा रिकामा होता. आता बाबांचं नाव.

मी कोरणी चांदीला टेकवली.

पहिलं अक्षर कोणतं?

एकाच जागी दोन नावं कोरली होती. घासताना दोन्ही गेली होती. मागे कोणीतरी हाका मारत होतं. मी घराकडे धावले.

दारावरची पितळी पाटी मीच कोरलेली. वर बाबांचं नाव, खाली माझं. वरची ओळ गुळगुळीत झाली होती.

खालच्या ओळीत शेवटची दोन अक्षरं उरली होती. आत चादरीवर अंगठा सरकत होता.