तळ्याकाठचा हात

माझी मोठी नणंद विनयाताई सुट्टीच्या दिवशी जुन्या जागा बघत हिंडायची. सोपाऱ्याचा स्तूप, वसईचा किल्ला, कुठल्यातरी तळ्यात सापडलेली मूर्ती. गळ्यात छोटा टेपरेकॉर्डर अडकवायची आणि जे दिसेल, मनात येईल, ते तिथल्या तिथे बोलून ठेवायची. मग घरी त्यावरून एका साप्ताहिकासाठी लेख लिहायची. तिचा धाकटा भाऊ जितेंद्र, म्हणजे माझे मिस्टर, शिमग्याच्या सुमारास अचानक गेले. तेव्हापासून मी नालासोपाऱ्याला तिच्याच फ्लॅटवर राहत होते. "नुसती कुढत बसू नकोस, चल," म्हणून ती मला बरोबर न्यायची.

सत्त्याण्णवची दिवाळी नुकतीच सरली होती. निर्मळच्या बाजूला एका वाडीत सतीचा दगड आहे असं तिला कळलं, आणि दुपारी आम्ही एसटीने तिकडे गेलो. वाडीचे मालक हरेश्वरभाऊ फाटकाशीच उभे होते. अगत्याने आम्हाला केळीच्या बागेतून मागच्या तळ्याकडे घेऊन गेले. तिथे गारवा होता, आणि शेवाळाचा ओला वास.

दगड छातीएवढा उंच होता. त्यातून एक हात बाहेर आलेला. कोपरात दुमडलेला, पंजा उघडा, कोपरापर्यंत कोरलेल्या बांगड्या. हळदकुंकवाने तो लालपिवळा झाला होता.

"आमच्याच घरान्यातली," हरेश्वरभाऊ म्हणाले. "सवाष्नी ओटी भरतात इथं." मग माझ्या कपाळाकडे बघून त्यांनी आवाज उतरवला. "यांचे मिस्टर...?"

विनयाताई गडबडली. "माझा भाऊ तो. यंदाच गेला."

"मग त्यांनी जरा लांबच ऱ्हावं. राग नका मानू, पहिल्यापासून तसंच हाय."

मी ताईकडे बघितलं. ती काहीतरी बोलेल असं वाटलं होतं. ती टेपरेकॉर्डरचं बटण चाचपत राहिली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू त्या चिंचेखाली बस थोडा वेळ."

मी जाऊन बसले. कान तापले होते. जिवंत असल्याचीच लाज वाटावी, तसं काहीतरी.

हरेश्वरभाऊ नारळ आणायला घराकडे गेले. ताईचा आवाज इथवर ऐकू येत होता. "किती अढळ प्रेम असेल तिचं... नवऱ्यामागे हसत हसत चितेवर चढली असेल..." मी पदर कानावर ओढला. तेवढ्यात जळक्या केसांचा वास आला.

शेजारी एक मुलगी बसली होती. तेरा-चौदा वर्षांची असेल. ओलं लुगडं अंगाला चिकटलेलं, नजर पाण्याकडे. कधी आली, कळलंच नव्हतं.

"तुला सोडलं?" तिने हळूच विचारलं.

"कोणी?"

"घरच्यांनी."

"हो..."

"जिवंत कसं काय सोडलं?"

मला तिच्याकडे मान वळवायचा धीर होईना. तिकडे ताईचा आवाज चढत चालला होता. "धन्य ती माउली!" आधी मोठ्याने, मग अगदी शिरा ताणून. चहूकडे चिडीचूप, केळीचं पानसुद्धा हलत नव्हतं, आणि ही एकटी दगडासमोर उभी राहून ओरडत होती.

"मीपण अशीच ओरडत होते," मुलगी म्हणाली. "वाजंत्री थांबवलीच नाही कोणी..."

मी डोळे घट्ट मिटले. उघडले तेव्हा शेजारची जागा रिकामी होती. गवत मात्र ओलं होतं.

ताई धडपडत माझ्याकडे आली. दोन्ही हात कानांवर. "ते ढोल बंद करायला सांग ना... मी बोलायला लागले की वाढतात..."

"कुठले ढोल, ताई?"

हरेश्वरभाऊ नारळ घेऊन परतले होते. "आज कुनाकडं लगीन नाय," ते चाचरत म्हणाले.

मी ताईला त्या मुलीबद्दल सांगितलं. तिने काय विचारलं, तेही सांगितलं. ताई खालीच बसली. तिचा चेहरा असा पडला की मलाच बघवेना. "आणि मी काय काय बोलत होते गं... तुझ्यादेखत..." मग ती उठली, माझा हात धरला आणि मला दगडाकडे घेऊन निघाली.

"बाई, त्यांनी नको..." हरेश्वरभाऊ पुढे झाले.

"तीच जाईल," ताई म्हणाली. "मघाशीच म्हणायला हवं होतं मी."

मला मंत्र येत नव्हते, ओटीचं सामान नव्हतं. पिशवीतल्या बाटलीतलं पाणी मी त्या उघड्या पंज्यावर ओतलं. दगड दिवसभर सावलीत होता. तरी पाणी तापल्या तव्यावर पडावं तसं चर्रर्र झालं आणि वाफ वर आली. हरेश्वरभाऊंनी मान खाली घातली. निघताना आम्हाला फाटकापर्यंत सोडायला आले आणि ताईचा पत्ता तेवढा लिहून घेतला.

ताईने तो लेख लिहिला नाही. फक्त ती मला आता कुठल्याही घरात, कुठल्याही कार्यात, आपल्या शेजारीच बसवते.

पुढच्या आठवड्यात दिवेलागणीला बेल वाजली. "मी हरेश्वर, निर्मळहून. सतीआईचा परसाद आनलाय," बाहेरून आवाज आला. आम्ही दोघी स्वयंपाकघरात होतो. ताई हात पुसत उठली, तोच बाहेरच्या खोलीत करकर झाली. आम्ही डोकावलो.

दाराची खालची कडी गंजून घट्ट बसलेली, आम्ही ती कधीच लावत नाही. कुणीतरी ती आतून हळूहळू सरकवून लावत होतं, आणि खोलीत जळक्या केसांचा वास होता.