बंद शेडमधली धाप

"पाच वाजता अण्णा शेडमध्ये गंधकाची धुरी देणार आहेत. त्याआधी आपण आत जायचं!" सौम्या कुजबुजली.

"आत खरंच माणूस असला तर?" समर्थनं विचारलं.

"म्हणून तर जायचं, येड्या!" रचना म्हणाली.

एरवी वडगावात मागांच्या खडखडाटात शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागे. लॉकडाऊनला दोन महिने होत आले होते आणि आता भर दुपारी गल्लीत पाचोळा सरकला तरी ऐकू येई. त्या शांततेत चार दिवसांपासून सौम्याच्या काकांच्या, मारुतीअण्णांच्या, बंद शेडमधून आवाज येत होता. हऽऽस्! हऽऽस्! धाप लागल्यासारखा! कुणी म्हणे कोरोनाचा रोगी लपलाय, कुणी म्हणे भूत. आत डोकावायला मात्र कुणीच तयार नव्हतं, म्हणून आत जे असेल ते धुरी देऊन हुसकायचं अण्णांनी ठरवलं होतं.

मास्क सावरत सौम्यानं कुलूप काढलं.

अंधूक उजेडात आठ माग गप्प उभे होते. पहिल्यावर अर्धी विणलेली हिरवी साडी होती आणि तिच्या पुढचा ताणा, म्हणजे उभ्या धाग्यांचा पट्टा, तुटून लोंबत होता!

"कुणीतरी कापलाय!" रचना म्हणाली.

"कापला न्हाय गं, कुरतडलाय." समर्थ विणकराचा मुलगा. "ताण्याला भाताची खळ लावलेली असती. माग थांबले, आवाज थांबला, उंदरांना जेवणच मिळालं! पण या टोकांवर धूळ बसलीय. बाकीचे सात ताणे धड आहेत. मग उंदीर गेले कुठं?"

रचनाच्या पायाखाली काहीतरी कट्कन मोडलं. काळ्या केसाळ गोळ्या! एकीतून इवलीशी कवटी बाहेर डोकावत होती.

हऽऽस्!

आवाज डोक्यावरून आला. आढ्याच्या कोपऱ्यात, फुटक्या कौलाखाली, चार पांढरे, पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचे चेहरे एका लयीत डुलत होते. सगळे डोळे त्यांच्यावरच रोखलेले!

समर्थ दोन पावलं मागे सरला.

"घुबडाची पिल्लं!" सौम्याला हसू फुटलं आणि लगेच विरलं. "धुरानं ही मरतील रं!"

तेवढ्यात दारात गंधकाचं घमेलं आपटलं. अण्णा लवकरच आले होते.

"घुबडं? अपशकुनी मेली! बाहेर व्हा, आत्ताच पेटवतो."

सौम्या दारात आडवी उभी राहिली. "पेटवा की! मग उरलेले सात ताणे राखायला तुम्ही बसणार व्हय?"

"म्हंजे?"

समर्थनं ती कवटी त्यांच्या तळहातावर ठेवली. "उंदराची हाय, अण्णा. घुबडं उंदीर गिळत्यात आणि केस-हाडांच्या गोळ्या करून ओकत्यात; मागाखाली तशा ढीगभर पडल्यात. घुबडं आली आणि कुरतडणं थांबलं."

अण्णांनी कवटी पाहिली. मग एकेका ताण्यावरून हात फिरवला. सातव्याशी ते थांबले.

"चाळीस वर्सं माग चालवला, पण हे मला दिसलं न्हाय. लई हुशार पोरं रं तुम्ही!"

"पण माग सुरू झाल्यावर?" रचनानं विचारलं.

"पिल्लं उडंस्तोवर त्या कोपऱ्यातले दोन माग वाजणार न्हाईत."

अंधारातून पुन्हा धाप ऐकू आली. अण्णांनी घमेलं उचललं आणि दार इतकं हळू ओढलं, की कडीही वाजली नाही.